मोजपट्टी घेऊन हॉटेलात

[दृश्य: हॉटेलची लॉबी. कॅमेरा खुर्चीत बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर.]

व्हीलचेअर वापरणाऱ्या पाहुण्याला खोली बुक करण्याआधी फोन करावा लागतो. बाथरूमच्या दाराची रुंदी किती, हे त्याला विचारायचं असतं. पलीकडून बहुतेक वेळा उत्तर येतं, "काळजी करू नका, आमच्याकडे सगळी सोय आहे." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्या शब्दावर विसंबून कुणी दिवसभराचा प्रवास करून आलं आणि खुर्ची बाथरूमच्या दारातच अडकली, तर त्या रात्री त्यानं काय करायचं?

म्हणून आज आपण मोजपट्टी घेऊन हॉटेलात फिरणार आहोत.

[दृश्य: प्रवेशद्वार, उतारावर ठेवलेली मोजपट्टी.]

सुरुवात उतारापासून. अनेक देशांत चालणारा हिशोब आहे एकास बारा. एक फूट चढायचं असेल, तर उतार किमान बारा फूट लांब हवा. दोन पायऱ्यांवर फळी टाकली की चढ इतका उभा होतो, की खुर्ची मागे कलंडते आणि ढकलणाऱ्याच्याही हाताबाहेर जाते. काही हॉटेलं अशा पाहुण्याला मागच्या बाजूनं, सामान उतरवायच्या दारातून आत घेतात. नाइलाज म्हणून एखादा दिवस हे ठीक. पण भाडं सगळ्यांइतकंच भरलेल्या माणसाला पुढच्या दारानं येता आलंच पाहिजे.

[दृश्य: खोलीचं दार उघडतं.]

आता खोलीचं दार. अपंगांना इमारती वापरता याव्यात म्हणून अमेरिकेनं २०१० मध्ये ठरवलेल्या मानकांप्रमाणे दारातून किमान ३२ इंच, म्हणजे साधारण ८१ सेंटिमीटर मोकळी जागा मिळाली पाहिजे. चौकटीचं माप सांगून इथे भागत नाही. दार काटकोनात उघडल्यावर त्याची जाडी वजा जाऊन जे उरतं, ते माप. आत आल्यावर खुर्ची पूर्ण वळवायला पाच फूट व्यासाची रिकामी जागा लागते. कागदावर ती असते. मग तिथे एक टीपॉय येतो, एक सोफा येतो, आणि पाहुण्याला दारापर्यंत उलटं जावं लागतं.

पलंगाकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. व्हीलचेअरची बैठक साधारण १८ ते २० इंचांवर असते. जाडजूड गाद्यांमुळे हॉटेलचा पलंग त्याहून बराच उंच होतो, आणि खुर्चीतून त्यावर सरकणं म्हणजे चढणं होऊन बसतं. त्याच अमेरिकी मानकांत पलंगाच्या उंचीचं बंधन नाही, ही मला मोठी उणीव वाटते. पलंग खालून बंद पेटीसारखा असेल तर आणखी एक अडचण येते. ज्यांना यंत्रानं उचलून पलंगावर ठेवावं लागतं, त्यांच्या त्या यंत्राचे पाय पलंगाखाली जाऊच शकत नाहीत.

[दृश्य: बाथरूम. आधाराच्या दांड्याचा क्लोज-अप.]

इथे जरा थांबू या. खुर्चीतून कमोडवर कसं जातात, ते नीट पाहा. खुर्ची कमोडला अगदी खेटून लावायची. ब्रेक लावायचे. हाताचा टेका काढायचा. एक हात खुर्चीवर, दुसरा भिंतीवरच्या दांड्यावर, आणि दंडांच्या जोरावर अख्खं शरीर उचलून बाजूला सरकवायचं. त्या दोन-तीन सेकंदांत माणसाचा बराचसा भार त्या दांड्यावर असतो. म्हणूनच तो ११३ किलोपर्यंतचा जोर सहन करेल इतका पक्का असावा, अशी त्या अमेरिकी मानकांत अट आहे. टॉवेल अडकवायचा दांडा दिसतो तसाच, पण तो स्क्रूसकट भिंतीतून बाहेर येतो.

कमोडच्या शेजारी कचऱ्याची बादली किंवा शोभेची कुंडी ठेवली, तर खुर्ची लावायची जागाच जाते. बाजूचाही प्रश्न असतो. पक्षाघातानंतर ज्याचा उजवा हात कमजोर झाला आहे, त्याला दांडा डावीकडे लागतो. अशा दोन खोल्या असतील, तर एकीत डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे दांडा ठेवायला वेगळा खर्च येत नाही. बांधतानाच ते सुचलं पाहिजे.

[दृश्य: बेसिनखालचे पाइप, मग जमिनीपर्यंत लोंबणारी लाल दोरी.]

बेसिनखाली गुडघे जायला मोकळी जागा हवी आणि गरम पाण्याचा पाइप झाकलेला हवा. पायांत संवेदना नसलेल्या माणसाला चटका बसतो आणि कळतही नाही. ही लाल दोरी मदतीसाठी ओढायची. ती जमिनीपर्यंत असते, कारण जिला तिची गरज पडते ती व्यक्ती बहुधा जमिनीवर पडलेली असते. पुसताना आड येते म्हणून ती गुंडाळून वर बांधली जाते आणि तशीच राहते. सफाई करणाऱ्यांना हे कारण एकदा नीट समजावून सांगितलं, तर दोरी पुन्हा खाली सोडली जाते.

[दृश्य: काठी टेकत कॉरिडॉरमधून चालणारी वयस्कर स्त्री.]

सगळे पाहुणे व्हीलचेअरवर नसतात. गुडघे दुखणाऱ्याला लिफ्टजवळची खोली आणि हात टेकून उठता येईल अशी खुर्ची मिळाली, तरी बरंच काम होतं. संधिवातानं बोटं वाकलेल्यांना गोल मूठ फिरवता येत नाही. दाबायचं लांब हँडल कोपरानंही उघडतं.

[दृश्य: रिसेप्शन, कॉम्प्युटरचा स्क्रीन.]

आणि एवढं सगळं असलेली खोली ऐनवेळी दुसऱ्यालाच दिली गेली तर? अमेरिकेत मार्च २०१२ पासून यावर नियम आहे. त्याच प्रकारच्या बाकीच्या साध्या खोल्या भरेपर्यंत ही सुलभ खोली अशा पाहुण्यासाठी राखून ठेवायची, जी बुक झाली तीच द्यायची, आणि तिची वैशिष्ट्यं बुकिंगच्या वेळीच पुरेशा तपशिलानं सांगायची. माझ्या मते यातला शेवटचा भाग कुठलंही हॉटेल आजच करू शकतं. दाराची मोकळी रुंदी, पलंगाची उंची, शॉवरपाशी उंबरा आहे की नाही, आणि बाथरूमचे चारही बाजूंनी काढलेले फोटो. खोली अपुरी असली तरी मापं खरी असतील, तर पाहुणा स्वतः ठरवू शकतो.

[दृश्य: आणीबाणीचा जिना.]

एक प्रश्न मात्र पाहुण्यानं चेक-इनच्या वेळीच विचारावा: आग लागली आणि लिफ्ट बंद झाली, तर मला खाली कोण नेणार? जिन्यावरून माणसाला उतरवण्यासाठी खास खुर्ची मिळते. ती कुठल्या मजल्यावर ठेवली आहे, ती कशी उघडायची आणि कोणत्या खोलीत कोण आहे, हे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्याला माहीत असायला हवं. मॅनेजर तेव्हा घरी गेलेला असतो.