शेवटची ओळ गिळणारं गोल बटण

नमस्कार मंडळी! बेळगावच्या टिळकवाडीतून बोलतेय. मागं हॉर्न ऐकू आला तर चालवून घ्या, रेल्वे गेट जवळच आहे.

महिनाभर एकच कॉमेंट येतेय. "ताई, अ‍ॅपच्या कोपऱ्यात ते अधिकचं चिन्ह असलेलं गोल बटण कसं डिझाइन करायचं?" मध्येच एकानं "चांगला कुंदा कुठं मिळतो?" असंही विचारलंय. दादा, त्याचं उत्तर दिलं तर खाली भांडणं लागतील.

तर बटण. नाव फ्लोटिंग अ‍ॅक्शन बटण. गूगलनं २०१४ मध्ये मटेरियल डिझाइन नावाची अ‍ॅप डिझाइनची नियमावली आणली, त्यात हे आलं. नेहमीचा आकार ५६ डीपी, कडेपासून १६ डीपी आत. डीपी हे स्क्रीनवरचं माप. १६० डीपीचा एक इंच धरतात, म्हणजे बटण साधारण ९ मिलिमीटर, शर्टाच्या बटणापेक्षा जरा लहानच. स्क्रीनवर एकच ठेवायचं आणि माणूस दिवसातनं सगळ्यात जास्त वेळा जे करतो तेच त्यावर द्यायचं. डिलीट कधीच नाही. झालं, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

आता खरं दुखणं सांगते, आणि चूक माझीच आहे.

माझे मामा खानापूर तालुक्यात दूध संकलन करतात. त्यांना मी एक अ‍ॅप करून दिलं. कोड, लिटर, फॅट आणि एकदम उजवीकडं रक्कम. नवीन नोंदीसाठी खाली उजवीकडं छान हिरवं गोल बटण. चार दिवसांनी सकाळी साडेसहाला मामांचा फोन. "पोरी, शेवटचं दूध कुठं गेलं गं?"

गेलं कुठंच नव्हतं. बटणाखाली होतं! यादी तळाला टेकलेली, त्याच्या वर सरकत नाही, आणि शेवटच्या ओळीतली रक्कम बरोबर गोलाखाली. मामांनी रक्कम दिसावी म्हणून तिथंच बोट दाबलं, तर कोरी नोंद उघडली. त्यांना वाटलं आधीची गेली, म्हणून परत भरली. एका मावशींचं चार लिटर दूध दोनदा लागलं, ते दहा दिवसांच्या बिलाला सापडलं.

लगेच कुणीतरी लिहिणार, "ताई, नवी नोंद सगळ्यात वर दाखवा की." अहो, मामांची वही वरनं खाली जाते! चाळीस वर्षांची सवय मी एका बटणासाठी उलटी करू?

उपाय साधा आहे. यादीच्या तळाला रिकामी जागा सोडा. ५६ बटणाचे, १६ खालचे, १६ वरचे, झाले ८८ डीपी. पण इथं सगळे अडकतात. अँड्रॉइडच्या नेहमीच्या यादीला नुसतं पॅडिंग, म्हणजे ही आतली रिकामी जागा, दिलं की खाली कायमची पांढरी पट्टी बसते, ओळी तिच्या वरच कापल्या जातात. 'क्लिप टू पॅडिंग' ही सेटिंग फॉल्स, म्हणजे बंद करा. मग ओळी बटणामागून सरकतात आणि शेवटची तेवढी वर येऊन थांबते.

हेच दुसऱ्या बाजूनं बघा. ही चूक डिझाइन करताना दिसत का नाही? कारण आपण तीन ओळींची यादी काढतो! राम, शाम, सीता, आणि खाली सगळं मोकळं मैदान. पन्नास ओळी भरा, तळापर्यंत जा, मग मला सांगा.

आणि तिसरं. फोनमधली अक्षरं मोठी करून बघा. मामांच्या फोनवर ती सगळ्यात मोठी आहेत. ओळ उंच होते, दोन ओळींत मोडते, आणि तळाला जागा सोडलेली नसेल तर लॅपटॉपवर सुटलेली रक्कम परत गोलाखाली. बटणावर शब्द लिहिणार असाल तर आणखी एक. आमच्याकडं एकाच बटणाला मराठीत 'जतन करा', कन्नडमध्ये 'उळिसि', इंग्रजीत 'सेव्ह' लागतं. उंची इंग्रजीवरून ठरवली की आपली वेलांटी वरनं आणि उकार खालनं छाटला जातो. मला ते बघवत नाही!

"सरकवताना बटण लपवलं तर?" लपवा की. पण तळाला पोचल्यावर ते परत आलं तर शेवटची ओळ पुन्हा झाकणारच, म्हणजे जागा सोडावी लागतेच. आणि आलंच नाही तर मामा म्हणणार, "बटण पळालं."

स्पीड डायलबद्दल, म्हणजे एका बटणातून चार बटणं निघतात ते, फार जणांनी विचारलंय. मला आवडत नाही. एका हातात दुधाचं माप असताना कोण दोनदा दाबत बसणार?

असो. मामांच्या फोनवर आता ती ८८ डीपीची जागा सोडलीय. परवा त्यांचा परत फोन. "पोरी, खाली एवढी जागा मोकळी कशाला ठेवलीस? डेअरीचं नाव घाल की तिथं!"