पडेल शे नुस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

दुपारचे दोन वाजलेत. गच्चीवर हिवाळ्याचं ऊन आलंय, बाजेवर तुम्ही जरा अंग टाकलंय आणि तेवढ्यात फाटकाची कडी वाजते. काय करता? खरं सांगा. मी तर झटकन उठून सूप पुढ्यात ओढायचे आणि डाळीत नसलेले खडे शोधायला लागायचे. चोरी पकडली जाऊ नये म्हणून.

नाताळची सुट्टी लागली की आपल्या खान्देशात पाहुण्यांचा हंगाम. सुरतची मंडळी गाडीत बसतात, पुण्याची नातवंडं येतात आणि पायातल्या चपला काढायच्या आधी विचारतात, भरीत कधी? शेतात काड्या पेटवून वांगी भाजायला पुरुषमंडळी हौसेनं पुढे असतात, ते कबूल. बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत कुटतानाचा फोटोही त्यांचाच निघतो. पण वीस माणसांच्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, पुऱ्या लाटायच्या, लसूण सोलायचा, कांद्याची पात चिरायची, मागून भांड्यांचा ढीग घासायचा, ते कोणी? जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पुऱ्या लाटणारीला दुपारची डुलकी अजून मिळायचीय.

शेतकरीदादांचंही फार वेगळं नाही. कापसाची वेचणी उरलेली, आणि रात्रीची लाईट आली की कानटोपी घालून गहू-हरभऱ्याला पाणी द्यायला निघायचं. २२ डिसेंबरच्या सुमाराला आपल्याकडचा दिवस अकरा तासांहूनही थोडा कमी भरतो, जूनमधल्या मोठ्या दिवसापेक्षा जवळपास अडीच तासांनी आखूड. कामं मात्र एका तासानंही आखडत नाहीत.

पण सगळा दोष कामांवर आणि घरच्यांवर टाकून भागायचं नाही. मागच्या सुट्टीत सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही पडा, मी बघते." पडले. दोन मिनिटांनी आतून ओरडले, "मीठ पाहिलं का गं?" मग, "गॅस बारीक कर." मग उठलेच. सुनेनं परवानगी दिली होती, माझी मलाच मिळत नव्हती. ताप आला की मात्र आपण बिनघोर निजतो. ताप म्हणजे आपला रजेचा अर्ज! तो नसला तर रजा कसली, असं कुठेतरी मनात बसलंय. कोणी बसवलं, कोण जाणे. माझी आईही दुपारी भिंतीला टेकून बसायची, पण हातात वाती वळणं चालूच.

त्याच सुट्टीतली दुसऱ्या दिवशीची गोष्ट. जेवणं झाली, भांडी तशीच मोरीत. मी गच्चीवर गेले, गोधडी अंथरली आणि पडले. कडी वाजली. हात सवयीनं सुपाकडे गेला. मी तो मागे घेतला. फार अवघड गेलं, हसू नका.

शेजारीण वर आली, मला पाहून दचकली. "काय वं माय, बरं नही वाटस का तुले?"

म्हटलं, "बरं शे. पडेल शे नुस्ती."

ती थोडा वेळ उभीच राहिली. कमरेला खोचलेला पदर काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "सरक जराशी."