एकच दिवा

(पडदा काळा. डावीकडून प्रकाशाची तिरीप सरकत येते. काळ्या धातूवर सोन्याचं एक पान उमटतं.)

ही चकती तळहातात मावते. रुंदी सात-आठ सेंटीमीटर, जाडी जेमतेम पाच मिलिमीटर. मधल्या भोकातून पात्याचं मागचं टोक मुठीत जायचं. आपल्याकडे मुठीवरचा हात राखायला परज, जपानी तलवारीवर हा त्सुबा.

हा फोटो ज्यांनी काढला, त्यांचं नाव या फिल्ममध्ये येणार नाही. त्यांनीच तसं सांगून ठेवलं होतं. फोटोखाली कारागिराचं नाव असावं, आणि कारागिराने सही केली नसेल तर तिथे कोणाचंच नको. आम्ही त्यांना सेन्सेई म्हणायचो, म्हणजे गुरुजी.

टोकियोतल्या एका जुन्या घरातल्या दोन खोल्या. खिडक्यांना काळं कापड. आठवडाभर मी कंपनीत कोड लिहायचे आणि शनिवारी त्यांच्याकडे पांढरा पुठ्ठा धरून उभी राहायचे. फोटोग्राफीतलं मला काही येत नव्हतं. माझा हात हलत नाही, एवढ्यावर त्यांनी मला ठेवून घेतलं.

(काळ्या त्सुबाचा अगदी जवळून फोटो.)

हा काळा रंग लावलेला नाही. या धातूला शाकुदो म्हणतात. तांब्यात थोडं सोनं मिसळायचं, बहुधा तीन ते पाच टक्के. काम पुरं झालं की तांब्याच्या क्षारांच्या द्रावणात उकळायचं, मग हा काळा वर येतो. नीट पाहिलं तर त्यात निळी-जांभळी झाक दिसते. जपानीत शाकुदोला ‘कावळ्याचं सोनं’ असंही म्हणतात. पावसात भिजून तारेवर बसलेला कावळा आठवा, म्हणजे हा रंग कळेल. हा थर इतका पातळ असतो की पॉलिश केलं तर निघूनच जातो. म्हणून सेन्सेई त्सुबा नेहमी कडेने धरत, आणि माझी बोटं चुकून मध्ये गेली की नुसते माझ्याकडे बघत.

कॅमेऱ्याला शाकुदो फार छळतो. समोर जे असेल ते त्यात दिसतं: छत, लेन्स, फोटो काढणाऱ्याचा चष्मा. मग सोपा उपाय म्हणून चारी बाजूंनी पांढरा कागद लावतात. प्रतिबिंब जातं, पण काळाही जातो, आणि हाती पाटीसारखी करडी चकती राहते. असे फोटो कॅटलॉगमधून ढिगाने छापलेले आहेत, आणि ते पाहून मला आजही वाईट वाटतं.

सेन्सेईंचा दिवा एकच. त्याच्यापुढे ट्रेसिंग पेपर. लेन्सभोवती काळं कापड. आणि माझा पुठ्ठा. “मो चोत्तो,” ते म्हणत. अजून थोडं. मी पुठ्ठा नखभर कलवायचे. तासाभराने कधीतरी पार्श्वभूमीवरचे दाणे एकदम जागे व्हायचे. या दाण्यांना नानाको म्हणतात, म्हणजे माशाची अंडी. खसखशीपेक्षाही बारीक असलेला प्रत्येक दाणा वाटीसारख्या तोंडाच्या ठशाने, हाताने ठोकलेला, आणि ओळ कुठेही वाकलेली नाही. प्रत्येक दाण्यावर स्वतःचा एक प्रकाशबिंदू दिसेपर्यंत ते बटण दाबत नसत.

(कोरीव रेषा. प्रकाश बाजू बदलतो आणि रेषा नाहीशी होते.)

बघा, आता काय झालं! ही काताकिरी पद्धतीची रेघ. छिन्नी तिरकी धरून कोरायची, म्हणजे रेघ एका बाजूने खोल आणि दुसऱ्या बाजूने उतरती होते, कुंचल्याने ओढल्यासारखी. योकोया सोमिन या कारागिराने ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, गाजवली. दिवा चुकीच्या बाजूला ठेवला की तिचा खोलगटपणा भरून जातो आणि कुंचला हरवतो. सेन्सेई आधी त्सुबा हातात घेऊन फिरवत बसायचे. छिन्नी कुठून चालली ते कळलं की मगच दिवा उचलायचे.

28 मार्च 1876 रोजी जपान सरकारने कमरेला तलवार लावायला बंदी घातली. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणाऱ्या घरांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. कोणी फुलदाण्या घडवल्या, कोणी डबे. कानो नात्सुओ (1828–1898) हे त्या काळातले थोर धातुकार. बंदीच्या आधीच ते मेइजी सरकारच्या नव्या नाण्यांच्या कामाला लागले होते, आणि 1890 मध्ये टोकियोच्या कलाशाळेत प्राध्यापक झाले. असंख्य त्सुबा तलवारींवरून उतरून पेट्यांत भरून परदेशी गेले. बोस्टनच्या संग्रहालयातही मोठा साठा आहे. आज बहुतेकांना त्सुबा दिसतो तो काचेमागे, नाहीतर फोटोत. हातातलं वजन कुणाला मिळत नाही. सेन्सेईंची सगळी धडपड त्या वजनासाठी होती.

म्हणूनच मला त्यांचे लोखंडाचे फोटो सर्वांत मोठे वाटतात. सोनं कुणालाही भुलवतं. जुन्या लोखंडी त्सुबाच्या कडेवर मात्र नुसत्या गाठी असतात. तेक्कोत्सु, म्हणजे लोखंडाची हाडं. ती त्यांच्या फोटोत अंगठ्याखाली जाणवतात.

(शेवटचा फोटो. लोखंडी त्सुबाची मागची बाजू.)

हा त्यांनी काढलेला शेवटचा फोटो. समोरची बाजू अर्ध्या तासात झाली होती. मागच्या बाजूला नक्षी नाही, सही नाही. मी पुठ्ठा खाली ठेवू लागले, तर म्हणाले, “मो चोत्तो.” संध्याकाळ झाली. त्यांना या खुणा हव्या होत्या, मधल्या भोकाच्या काठावरच्या. त्सुबा पात्यावर सैल बसला की काठावर छिन्नीने ठोकून भोक आवळत. इथे वरच्या बाजूला तीन ठोके आहेत. खाली दोन. आणि हा एक, जरा वाकडा पडलेला.