मागच्या स्टँडवरून

नमस्कार श्रोतेहो.

आत्ता तुमच्यापर्यंत माझा फक्त आवाज पोचतोय. मी उंच की ठेंगणी, केस पिकले की नाही, हे तुम्हाला दिसत नाही. सिंफनी ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनमध्ये वादकाची हीच गत असते. मध्ये पडदा, पलीकडे परीक्षक. नाव सांगायचं नाही, एक क्रमांक मिळतो तेवढाच. काही ठिकाणी चालायच्या वाटेवर गालिचा अंथरतात, कारण नुसत्या टाचांच्या आवाजावरून बाई आली की पुरुष याचा अंदाज येतो. काही विचारायचंच असेल तर सोबतच्या माणसाच्या कानात पुटपुटायचं, तो पलीकडे विचारतो. बोस्टन सिंफनीनं १९५२ साली हा पडदा लावून पाहिला. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तो अमेरिकेतल्या बऱ्याच ऑर्केस्ट्रांमध्ये आला.

मी व्हायोलिन वाजवते, एका प्रादेशिक ऑर्केस्ट्रात. म्हणजे वर्षभर पगार देणाऱ्या बड्या, नामांकित ऑर्केस्ट्रात नव्हे. हंगामात ठरावीक आठवडे जमणारी, त्या त्या भागाचा आपला असा ऑर्केस्ट्रा असतो, त्यात. पण नावात ‘प्रादेशिक’ आहे म्हणून परीक्षा सोपी, असं समजू नका. उतारे तेच असतात. व्हायोलिनला आधी मोझार्टच्या एखाद्या कंचेर्टोचा, म्हणजे एकल वाद्य आणि ऑर्केस्ट्रा यांच्या रचनेचा, सुरुवातीचा भाग. मग रिचर्ड श्ट्राउसच्या ‘डॉन हुआन’ या ऑर्केस्ट्रा-रचनेचं पहिलं पान, तेही जवळजवळ ठरलेलंच. श्ट्राउसनं ते १८८८ मध्ये लिहिलं आणि तेव्हापासून व्हायोलिनवाल्यांची झोप उडवून ठेवली आहे. मग मेंडेल्सोनचं स्केर्त्सो, म्हणजे चपळ, खेळकर तुकडा, ज्यात व्हायोलिनचा गज तारेवर नुसता उसळत राहायला हवा. मोझार्टच्या ३९व्या सिंफनीचा शेवटचा भाग. महिनोन्महिने घोटलेलं हे सगळं पाच-दहा मिनिटांत संपतं.

माझं पहिल्यांदा त्याहून लवकर संपलं. ‘डॉन हुआन’ मी असं सुसाट काढलं की मीच खूश. पलीकडून आवाज आला, ‘धन्यवाद.’ ऑडिशनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘आता निघा’ असा होतो. काही दिवसांनी परीक्षकांचे शेरे हाती आले. एकानं लिहिलं होतं: जलद स्वर स्वच्छ, लांब स्वर अपुरे, विराम चोरले.

विराम चोरले! वाजवलेल्या हजारो स्वरांबद्दल काही नाही, आणि न वाजवलेल्या जागेबद्दल तक्रार. मला राग आला. नंतर वाजवलेलं रेकॉर्ड केलं, लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम लावून ऐकलं, आणि खाली मान घातली. कठीण जागा जवळ आली की आधीचा विराम मी घाईनं गिळत होते.

तेव्हा कुठे लक्षात आलं की पडद्यापलीकडे बसलेले बरेचसे ऑर्केस्ट्रातलेच वादक असतात. त्यांना तारा तोडणारा हिरो नको असतो. उद्या शेजारी बसणारा माणूस कसा असेल, हे ते ऐकत असतात. मी थांबते तेव्हा क्लॅरिनेट काहीतरी वाजवत असतात, ट्रंपेट येणार असतात. ते माझ्या डोक्यात चालू आहेत का? ते एकट्या व्हायोलिनमध्येही ऐकू येतं. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीचे पहिले चार स्वर सगळ्या जगाला पाठ आहेत. पण आमच्या कागदावर त्यांच्या आधी एक छोटासा विराम छापलेला असतो. सगळी तंतुवाद्यं आणि क्लॅरिनेट आधी तो एकत्र वाजवतात, मग स्वर.

पुढे एका ऑडिशनमधून निवड झाली आणि दुसऱ्या व्हायोलिन्सच्या, म्हणजे व्हायोलिनच्या दोन गटांपैकी दुसऱ्याच्या, अगदी मागच्या स्टँडवर जागा मिळाली. स्टँड म्हणजे स्वरांचे कागद ठेवायची घोडी; एका स्टँडला दोघं. श्रोत्यांच्या बाजूचा वाजवत राहतो, आतल्या बाजूच्यानं पान उलटायचं. गजाच्या दिशा पुढून ठरून येतात, त्या मुकाट्यानं पेन्सिलीनं लिहून घ्यायच्या. तुमचा हात कितीही बसलेला असो, सगळ्यांचा गज वर जाताना तुमचा खाली आला तर ते प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेलाही दिसतं.

मागच्या स्टँडची गंमत वेगळीच आहे. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंचावर सतरा मीटरचं अंतर पडलं की एक विसांश सेकंद गेला. जलद लयीत एवढ्यानंही चिरफाड होते. आमच्या पाठीशी हॉर्न आणि टिंपनी, म्हणजे मोठे नगारे, ते लगेच कानावर आदळतात. पहिल्या स्टँडचं व्हायोलिन दुरून, उशिरा येतं. कानावर भरवसा ठेवून वाजवलं की आपण मागे पडलोच. म्हणून पुढच्यांच्या गजावर नजर ठेवायची आणि त्या गजाबरोबर वाजवायचं. आयुष्यभर ‘कान तयार करा’ ऐकलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. त्यात कंडक्टरची काठी खाली आली की लगेच स्वर निघेल असंही नाही. बरेच ऑर्केस्ट्रा काठीच्या किंचित मागून वाजवतात. किती मागून, हे कुठे लिहिलेलं नसतं. पहिल्या तालमीत मी काठीबरहुकूम सुरुवात केली, आणि त्या क्षणी मी एकटीच वाजत होते. शेजारचे काका पान उलटता उलटता म्हणाले, “अगं, श्वास घे. सगळे घेतात.”

खरंच घेतात. बारकाईनं पाहिलंत तर दिसेल.

पैशाचं थोडक्यात सांगते. मोबदला बहुधा ‘सर्व्हिस’वर, म्हणजे तालीम किंवा कार्यक्रम, जो होईल त्याचा. एक तालीम साधारण अडीच तासांची, अशा चार-पाच, की कार्यक्रम. एवढ्यावर घर चालत नाही. म्हणून शिकवण्या, आणि आज या गावच्या ऑर्केस्ट्रात तर उद्या त्या गावच्या. कॅलिफोर्नियात अशा गाडीत आयुष्य काढणाऱ्या वादकांच्या जमातीला गमतीनं ‘फ्रीवे फिलहार्मोनिक’ म्हणतात. बीथोव्हनच्या पाचव्यात ट्रॉम्बोनवाले पहिले तीन भाग हात बांधून बसतात आणि चौथ्यात वाजवतात. त्यांचा मोबदला आमच्याएवढाच. आम्हाला हेवा वाटतो. मात्र इतका वेळ गप्प बसून पहिलाच स्वर नेमका लावायचा, हे मला कुणी सांगितलं तर मी नको म्हणेन.

गेल्या हंगामात मी पडद्याच्या दुसऱ्या बाजूला बसले. हातात पेन्सिल, पुढ्यात कोरे कागद. एकामागून एक ‘डॉन हुआन’ येत होते, एकाहून एक वेगवान. दुपारनंतर क्रमांक अकरा आला. वेग बेताचाच. लांब स्वर शेवटपर्यंत धरलेला. मग विराम आला, आणि तो पुरता घेतला गेला. त्या शांततेत मला चक्क बाकीचा ऑर्केस्ट्रा ऐकू आला. शेजारच्या काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

क्रमांक अकरा मुलगा होता की मुलगी, हे आम्हाला संध्याकाळी कळलं.