शतांश मिलिमीटरचे काम

म्हापशाच्या बाजाराबाहेर पुढचे मडगार्ड पिवळे असलेल्या मोटारसायकली रांगेत उभ्या असतात. त्या चालवणाऱ्यांना गोव्यात पायलट म्हणतात, आणि जेथे बस जात नाही अशा वाड्यापर्यंत माणूस पोहोचवणे हा त्यांचा परवानाधारक व्यवसाय आहे. मागे एक प्रवासी, पुढे त्याची बाजाराची पिशवी, आणि दर थोड्या अंतरावर थांबणे व निघणे, असे हे चालणे असते. या चालण्याचा सर्व भार इंजिनातील ज्या दोन भागांवर येतो, त्या कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) आणि क्रँकशाफ्टची (पिस्टनच्या वर-खाली हालचालीचे फिरण्यात रूपांतर करणारा दांडा, थोडक्यात क्रँक) दुरुस्ती आपण पाहणार आहोत.

समोर आहे ते सुमारे ९७ सीसीचे इंजिन. त्याचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५० मि.मी. आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनचे वर-खाली सरकण्याचे अंतर, ४९.५ मि.मी. आहे. मिनिटाला ६००० फेरे, म्हणजे सेकंदाला १०० फेरे. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर आणि एकदा खाली थांबून उलटा फिरतो, त्यामुळे रॉडला सेकंदाला २०० वेळा दिशा बदलावी लागते. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ जवळजवळ २० चौरस सेंटिमीटर आहे. ज्वलनाच्या क्षणी दर चौरस सेंटिमीटरला ३० किलो दाब धरला, तरी सुमारे ६०० किलोंचा भार त्या रॉडमधून सुयांसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर आणि तेथून क्रँकपिनवर, म्हणजे रॉड ज्यावर फिरतो त्या क्रँकच्या पिनवर, उतरतो. दोन पृष्ठभागांमध्ये ऑइलचा पातळ थर आहे तोवरच हे सुखरूप चालते.

मोटारीच्या इंजिनात क्रँक बहुधा अखंड असतो आणि रॉडचा खालचा भाग दोन तुकड्यांत बोल्टने आवळलेला असतो. येथे रचना उलट आहे. रॉडचे मोठे टोक, ज्याला गॅरेजात बिग एंड म्हणतात, ते अखंड कडे आहे, आणि क्रँकच तुकड्यांचा आहे: दोन जाड चकत्या आणि त्यांना जोडणारी, प्रेसने घट्ट बसवलेली पिन. म्हणून रॉड बदलायचा तर क्रँक सोडवावा लागतो, आणि सोडवलेला क्रँक पुन्हा सरळ बसवावा लागतो. या दुरुस्तीतील सर्व कौशल्य या दुसऱ्या कामात आहे.

बिघाड आधी कानाला कळतो. बिग एंड झिजले की ॲक्सिलरेटर देताना किंवा चढावर खालून खोल, जड ठोका ऐकू येतो. वरचे टोक, म्हणजे स्मॉल एंड, किंवा त्यातून पिस्टनला रॉडशी जोडणारी गजन पिन सैल झाली असेल, तर आवाज हलका आणि टणक असतो. क्रँकला दोन्ही बाजूंनी पेलणारे मेन बेअरिंग गेले की ठोका नसतो. सतत घरघर येते आणि तिची थरथर फूटरेस्टपर्यंत पोहोचते. टॅपेट किंवा कॅम चेन या व्हॉल्व्ह चालवणाऱ्या भागांच्या आवाजाला बिग एंड समजून इंजिन उघडले, तर गिऱ्हाइकाचे पैसे वाया जातात. म्हणून जाणता मेस्त्री प्रथम ती दोन कारणे बाजूला काढतो.

हेड आणि सिलिंडर उतरल्यावर रॉड उघडा दिसतो. पिन सर्वांत वरच्या स्थानी आणून रॉड दोन्ही हातांनी सरळ वर-खाली ओढायचा. या दिशेने हाताला प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवता कामा नये; टकटक झाली तर बेअरिंग गेले. आडव्या दिशेने मात्र रॉड थोडा सरकलाच पाहिजे, कारण कडेच्या त्या फटीतूनच ऑइल आत-बाहेर होते. नवशिके नेमके हे आडवे सरकणे पाहून घाबरतात. ती फट किती असावी हे प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि ती फीलर गेजनेच (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजावी.

झिजेची कारणे गोव्यात सहज सापडतात. चोर्ला घाट चढताना गिअर न उतरवता, कमी फेऱ्यांवर पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन गाडी ओढली, की पंपाचा ऑइलपुरवठा कमी आणि भार मात्र सर्वाधिक, अशी अवस्था येते. ऑइल वेळेवर न बदलणे हे त्याहून मोठे कारण आहे. अनेक लहान फोर-स्ट्रोक इंजिनांत क्रँकच्या टोकावर फिरत्या वाटीसारखा फिल्टर असतो. वाटी फिरताना ऑइलमधला गाळ बाहेरच्या बाजूला चिकटतो, आणि ती वर्षानुवर्षे साफ केली नाही तर पिनकडे जाणारी वाट बुजते. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचे दुखणे वेगळे आहे. पावसाळाभर गाडी पडवीत उभी राहिली, तर दमट हवेमुळे बिग एंडच्या रोलरांवर आणि पिनवर गंजाचे खड्डे पडतात आणि चवथीच्या तोंडावर गाडी सुरू करताच आवाज येऊ लागतो.

आणखी एक कारण पाऊसच आहे. तुंबलेल्या रस्त्यावर इंजिनाने पाणी गिळले, तर पाणी दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो आणि चालत्या इंजिनाचा जोर रॉडला वाकवतो. अशा वेळी गाडी पुन्हा सुरू करू नये. स्पार्क प्लग काढून किक मारून पाणी बाहेर टाकावे, आणि नंतर आवाज बदललेला वाटला तर रॉड तपासावाच. वाकलेल्या रॉडची खूण म्हणजे पिस्टनची एका बाजूला वर आणि विरुद्ध बाजूला खाली झालेली झीज.

आता केसिंग, म्हणजे क्रँकभोवतीचे इंजिनाचे दोन भागांचे कवच, उघडायचे. ऑइल काढून, क्लच आणि टायमिंगचे भाग उतरवून, क्रँकच्या टोकावरचे मॅग्नेट (चुंबक असलेले चाक) पुलर या ओढून काढण्याच्या साधनानेच ओढायचे. हातोडा मारला तर क्रँकचे टोक वाकते. केसिंगच्या दोन भागांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून उचकटणे हा अक्षम्य प्रकार आहे, कारण त्या पृष्ठभागावरच्या एका ओरखड्यातून पुढे कायम ऑइल झिरपते.

क्रँक बाहेर आला की तो हायड्रॉलिक प्रेस असलेल्या लेथवाल्याकडे जातो. पिन दाबून काढण्यापूर्वी दोन्ही चकत्यांच्या कडेवर एक सरळ रेघ ओढतात. जोडताना ती पहिला आधार होते. नव्या किटमध्ये रॉड, पिन, बेअरिंग आणि वॉशर येतात. पिन बसवण्याआधी चकत्यांची भोके पाहावीत. ती खरवडलेली असतील तर नवी पिनही पकड धरणार नाही, आणि तेथे नवे किट घालणे म्हणजे नुकसान पुढे ढकलणे होय. पिनचे ऑइलचे भोक चकतीतल्या मार्गाशी जुळले पाहिजे; ते चुकले, तर नवे बेअरिंग थोड्याच अंतरात जळते.

पिन दाबली, फीलर गेजने कडेची फट जुळवली, तरी क्रँक अजून वाकडाच असतो. लेथवाला तो दोन सेंटरमध्ये किंवा व्ही ब्लॉकवर (इंग्रजी व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर) ठेवून दोन्ही टोकांना डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल काट्याने दाखवणारे मापक, लावतो आणि हळूहळू फिरवतो. गेजचा एक विभाग ०.०१ मि.मी. आहे. काटा जेवढा हलतो त्याच्या निम्मे शाफ्टचे केंद्र सरकलेले असते. दोष दोन प्रकारचे असतात. एका चकतीला पिनभोवती पीळ पडलेला असेल, तर तांब्याच्या हातोड्याने तिच्या कडेवर नेमका ठोका मारून ती फिरवतात. चकत्या समांतर नसतील, तर फाकलेली बाजू व्हाइसमध्ये दाबतात आणि आवळलेल्या बाजूत पाचर ठोकतात. एक दोष काढताना दुसरा उपटतो; मग पुन्हा गेज, पुन्हा ठोका. लहान इंजिनांत काट्याचे हलणे ०.०३ ते ०.०५ मि.मी.च्या आत आणावे, असा चांगल्या कारागिरांचा आग्रह असतो. हे काम घाईने करणारा माणूस किटच्या किमतीत फक्त काही महिने विकतो, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते.

सर्व क्रँकना हीच रीत लागू नाही. बीडाच्या इंजिनाच्या जुन्या ३५० बुलेटमध्ये, जिचा बोअर ७० आणि स्ट्रोक ९० मि.मी. आहे, बिग एंडला रोलरांऐवजी तरंगता बुश, म्हणजे पिन आणि रॉड यांच्यामध्ये मोकळी फिरणारी धातूची नळी, असतो. तो स्वच्छ ऑइलच्या अखंड पुरवठ्यावरच जगतो, त्यामुळे तेथे ऑइल पंप तपासल्याशिवाय क्रँक बसवू नये.

जोडणीत मेन बेअरिंग आणि सील नवे घालावेत, बिग एंडमध्ये ताजे ऑइल सोडावे, आणि केसिंग आवळल्यावर क्रँक हाताने मोकळा फिरतो याची खात्री करावी. पहिले ५०० किलोमीटर गाडी मध्यम वेगाने चालवावी, चढावर गिअर उतरवावा आणि मग ऑइल बदलावे. या पहिल्या ऑइलमध्ये बारीक चकाकी दिसणे स्वाभाविक आहे. दुसऱ्या बदलाच्या वेळीही ती दिसली, किंवा बोटाला कण लागले, तर गाडी न चालवता क्रँक पुन्हा उघडावा.