केवणीचा दोर: माटोळीसाठी आणि मुलांच्या हातांसाठी

नमस्कार श्रोतेहो. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळाफुलांच्या लाकडी चौकटीला, काय काय बांधायचे याची यादी घरोघरी होते. नारळ, तवशी, सुपारीचा घोस, तोरंजन, कवंडळ. हे सगळे ज्याने बांधायचे तो केवणीचा दोर मात्र शेवटच्या दिवशी आठवतो आणि मग बाजारातून मोळी येते. यंदा तो घरी करा आणि मुलांना सोबत बसवा.

केवण म्हणजेच मुरुडशेंग. पाने खरखरीत, फुले लाल, शेंग दोरासारखी पिळलेली. मागच्या वर्षीच्या काळ्या शेंगा बहुधा झुडपावर असतातच, त्यामुळे ओळख चुकत नाही. पावसात झाडात रस भरलेला असतो म्हणून साल सहज सुटते. पाऊस संपला की तीच साल लाकडाला चिकटून बसते.

अंगठ्याएवढ्या जाडीची सरळ, बिनफांद्यांची काठी निवडा. फांदी फुटलेल्या जागी सालीला भोक पडते आणि दोर नेमका तिथेच तुटतो. जमिनीपासून वीतभर वर कोयत्याने तिरका घाव घाला, म्हणजे खुंटाला पुन्हा धुमारे येतील. एका झुडपाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त काठ्या घेऊ नका. जागा आपली किंवा मालकाला विचारलेली असावी. मोले, म्हादई, नेत्रावळी अशा अभयारण्यांतून काहीही तोडायचे नाही. पावसाळ्यात झुडपाच्या बुडाशी साप असतो, तेव्हा आधी लांब काठीने गवत हलवून बघा. तोडण्याचे काम मोठ्यांचे, सोलण्याचे मुलांचे.

जाड टोकाला साल उभी चिरा आणि सालीखाली अंगठा सरकवत पुढे जा. पट्टी निमुळती व्हायला लागली तर ओढ रुंद बाजूकडे वळवा. मग पट्टी बोटावरून वाकवली की वरची तपकिरी कातडी तडकते. ती कोयत्याच्या बोथट पाठीने खरवडली की आतला चिवट पदर उरतो.

सर्वांत मोठी चूक इथेच होते. ताजी, ओली पट्टी लगेच बांधतात. त्या वेळी गाठ घट्ट दिसते, पण साल वाळताना आकसते, गाठ सैल पडते आणि दोन-तीन दिवसांत नारळ घसरू लागतो. म्हणून चार-पाच दिवस आधी सोला, सावलीत पूर्ण वाळवा आणि बांधायच्या आधी दहा मिनिटे पाण्यात भिजवा. एकदा आकसलेली पट्टी पुन्हा फारशी आकसत नाही.

हलक्या वस्तूंना नुसती पट्टी पुरते. नारळाला किंवा केळीच्या घडाला पिळलेला दोर हवा. तुमच्याजवळ सुतळी असेल तर आत्ताच हातात घ्या. अर्ध्यावर नको, तिसऱ्या हिश्श्यावर दुमडा. दोन पदर लहान-मोठे राहिले की दोन्हींचे जोड एका जागी येत नाहीत. दुमड डाव्या चिमटीत धरा. आपल्यापासून लांबचा पदर उजव्या हाताने बाहेरच्या दिशेने पिळा आणि तो दुसऱ्यावरून आपल्याकडे आणा. आता दुसरा पदर लांबचा झाला. त्यालाही तसेच करा. पदराचा पीळ एका दिशेने आणि दोराचा उलट, म्हणून सोडला तरी दोर उलगडत नाही. पदर अर्धा बारीक झाला की चार बोटे आधीपासून नवी पट्टी त्याच्यासोबत पिळत न्या.

मुलांचा हात हमखास एका ठिकाणी चुकतो. एक पदर सरळ राहतो आणि दुसरा त्याच्याभोवती गुंडाळला जातो. दिसायला दोर छान, पण सगळा भार त्या सरळ पदरावर येतो. असे दिसले की तेवढे उसवून पुन्हा पिळायला लावा. रागवू नका, दोन-तीनदा उसवल्यावर बोटांना आपोआप कळते.

दोर माटोळीला लावण्याआधी दहा लिटर पाण्याची बादली त्याला बांधून जमिनीपासून वीतभर वर रात्रभर टांगा. सोललेला नसला तरी नारळ त्यापेक्षा पुष्कळ हलका असतो.

उरलेल्या पट्ट्या वाळवूनच गुंडाळा आणि चुलीच्या वर, जिथे ऊब पोचते, तिथे टांगा. दमट गुंडाळी बुरशी धरते, काळी पडते आणि पुढच्या वेळी ओढताच तुटते.