दुपारचा खेळ आणि वाटाण्याचं रोप

नमस्कार श्रोतेहो. परीक्षा संपल्या, पारा चाळिशीला टेकला आणि मुलांनी कार्टून पिक्चरचा धोशा लावला असेल. न्या त्यांना. फक्त वेळ नीट निवडा.

बहुतेक घरं लवकर जेवून साडेबाराचा खेळ गाठतात. हिशेब बघा. जाहिराती पंधरा मिनिटं, चित्रपट शंभर, मध्यंतर पंधरा. म्हणजे पावणेतीनच्या रणरणत्या उन्हात बाहेर पडायचं आणि भट्टी झालेल्या गाडीत मुलांना बसवायचं. त्यापेक्षा सकाळी दहाचा खेळ घ्या, नाहीतर दुपारी चारचा. पुन्हा सांगते, दहाचा नाहीतर चारचा.

घामेजलेलं मूल थेट एसीत नेऊ नका. दहा मिनिटं बाहेर लॉबीत थांबा, मान-पाठ पुसा, ओला बनियन बदला. पिशवीत एक जुनी सुती ओढणी असू द्या, कारण आधी पाय गार पडतात. थंड पेयाचा मोठा ग्लास हातात दिलात, तर मध्यंतराच्या आधीच शू लागणार, म्हणून कडेची खुर्ची. बाहेरचं खाणं चित्रपटगृह अडवू शकतं. पण पिण्याचं पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळापुरतं खाणं नेऊ द्यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलंय. पन्हं घरी आल्यावर प्या. आणि त्यात वेलची घाला हो, केशर कशाला? कैरीचा वास दबतो त्यानं. मराठीत डब केलेला खेळ मिळाला तर तोच घ्या, म्हणजे शेजारी बसलेल्या आजीलाही विनोद कळतील.

आता खरी गोष्ट.

एप्रिल १९११. मुंबईत गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब फाळके, मोठ्या मुलाला घेऊन गेले. पडद्यावर हलतेचालते प्राणी. मुलानं घरी येऊन आईला सांगितलं, तर कुणाचा विश्वास बसेना. मग दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब निघालं! ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे त्या दिवशी प्राण्यांऐवजी येशूच्या जीवनावरचा चित्रपट लागला होता. तो बघता बघता, आपल्याकडच्या देवांनाही असं पडद्यावर आणता येईल, हे फाळक्यांच्या डोक्यात बसलं.

पुढे ते लंडनला जाऊन आले, विल्यमसन कॅमेरा मागवला. पण मोठ्या चित्रपटाला पैसे कोण देणार? तेव्हा १९१२ मध्ये फाळक्यांनी काय केलं, तर कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा रोवला. एकेक चित्र टिपायचं आणि थांबायचं. पुन्हा एक चित्र, पुन्हा थांबायचं. महिन्याहून जास्त दिवस हेच! मूकपटाच्या सेकंदाला साधारण सोळा चित्रं धरली, तर एका मिनिटाला नऊशे साठ लागतात. हाती आला मिनिटभराहून थोडा मोठा तुकडा, 'अंकुराची वाढ'. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते, सगळं डोळ्यांदेखत. तो पाहून पैसे द्यायला माणसं तयार झाली, पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, आणि ३ मे १९१३ ला, पुन्हा ऐन उन्हाळ्यात, 'राजा हरिश्चंद्र' गिरगावातच लागला. नंतर १९१५ मध्ये त्यांनी याच पद्धतीनं आगकाड्यासुद्धा नाचवल्या.

वस्तू जराशी बदलली की एक चित्र. ॲनिमेशनचं मूळ एवढंच आहे, एका वेळी एक चित्र.

पिक्चर बघून आल्यावर मुलं हे घरी करू शकतात. भिजवलेले मूग ताटलीत ओल्या फडक्यावर पसरा. फोन वाटीला टेकवू नका, स्टँडला दोऱ्यानं बांधा. दर पाच मिनिटांनी एक फोटो, ठरावीक वेळानं फोटो काढणाऱ्या ॲपला सांगितलं की तेच घेतं. चोवीस तासांत दोनशे अठ्ठ्याऐंशी फोटो होतात. सेकंदाला बारा लावले, की चोवीस सेकंदांचा चित्रपट. खिडकीच्या उजेडात करू नका, ढग आला की चित्र मिचमिचतं. खिडकी बंद करून ट्यूबलाइट रात्रभर चालू ठेवा. फोन चार्जरला लावून ठेवा. उन्हाळ्यात फडकं दोन-तीन तासांत सुकतं, तेव्हा चमच्यानं कडेकडेनं पाणी सोडा. आणि मोड बघायला कुणी ताटली उचलली, की पडद्यावर मूग टुणकन उडी मारतात. मग पुन्हा पहिल्यापासून.